बाळाला शी झाली का?
(एका जन्मजात व्यंगाविषयी चार शब्द)



पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिचे पाहून गावोगाव अशा माला उभ्या राहिल्या. त्यांच्या व्यासपीठांवरून स्वराज्यापासून संतवाङ्मयापर्यंत पुष्कळ थोर विषयांची चर्चा झाली आहे. त्या पंक्तीला आमचा आजचा विषय बसवावा की नाही, असा संकोच प्रथम आम्हांलाही वाटला. काही बालके जन्मतात तेव्हा त्यांना गुदद्वार, म्हणजे शीची जागा, नसते. कधी ती असते, पण भलत्याच ठिकाणी उघडते. ह्या व्यंगाविषयी आम्ही बोलणार आहोत. चारचौघांत, बायामाणसांसमोर हे कसे बोलायचे? परंतु विचार केल्यावर असे दिसले की, ह्या संकोचाच्या पायीच कित्येक बालकांचे नुकसान होते. जी गोष्ट सभेत बोलता येत नाही ती घरातही बोलली जात नाही, आणि जी घरात बोलली जात नाही ती वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.

शिवाय खरे पाहिले तर आपल्याकडे हा विषय रोजच बोलला जातो. बाळंतिणीच्या खोलीत डोकावणारी प्रत्येक आजी पहिल्या दिवशी दोन प्रश्न विचारतेच. "बाळ अंगावर प्यालं का?" हा एक, आणि "बाळाला शी झाली का?" हा दुसरा. ह्या दुसऱ्या प्रश्नात केवढे शास्त्र भरलेले आहे, हे सांगण्यासाठीच आजचा हा प्रपंच आहे.

प्रथम एक चित्र डोळ्यांपुढे आणा. हे कोण्या एका कुटुंबाचे चित्र नव्हे. कोणत्याही कुटुंबाचे होऊ शकेल असे आहे. वडखळच्या आसपासच्या एखाद्या गावात सायंकाळी मुलगा जन्मला. रडला चांगला, रंगाने गोरागोमटा, वजन पुरते. पेढे वाटले गेले. रात्रभर बाळ दूध ओढत राहिले. सकाळी आजी म्हणाली, "अजून शी नाही झाली." कोणी म्हणाले, "होईल, घाई कसली?" दुपारी पोट जरा तट्ट वाटले, कोणी हिंग लावला, कोणी घुटी उगाळली. दुसऱ्या रात्री बाळाने हिरवी उलटी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी मनात लंगोट पूर्णपणे उलगडून पाहण्याचे आले, आणि पाहतात तो तेथे नुसती खळी, वाट नाहीच! मग धावपळ, गाडी, नाक्यावर खोळंबलेली वाहनांची रांग. बाळ मोठ्या इस्पितळात पोहोचते तेव्हा ते गार पडलेले असते, पोट ढोलासारखे फुगलेले असते, आणि जी शस्त्रक्रिया पहिल्या दिवशी सोपी होती ती आता जिवावरची होऊन बसते.

ह्या चित्रात दुष्ट असे कोणी नाही. सगळेच बाळावर माया करणारे. चूक एवढीच की, पहिल्या तासात जे अर्ध्या मिनिटात दिसले असते ते तिसऱ्या दिवशी दिसले. ही चूक घरच्यांचीच असते असेही नाही. आम्ही वैद्यकव्यवसायी मंडळीही घाईच्या वेळी बाळाचे डोके, छाती, हातपाय पाहतो आणि पाठमोरे करून पाहावयाचे राहून जाते. तो दोष आमच्या पदरात घालून मगच आम्ही पुढे बोलतो.

आता हे व्यंग होते कसे ते पाहू. आपण खारेपाटाची माणसे आहोत, तेव्हा खारेपाटाचाच दृष्टान्त घेऊ. धरमतरच्या खाडीचे खारे पाणी आणि आपल्या भाताच्या खाचरांतले गोडे पाणी ह्यांच्या मध्ये बांध असतो. बांध पुरा असेल तर दोन्ही पाणी आपापल्या जागी राहते. बांधाला खांड पडली की खारे गोड्यात शिरते आणि शेत नापीक होते. परंतु नुसता बांध घालूनही भागत नाही. पावसाचे पाणी बाहेर जावयास हवे, म्हणून आपण बांधात उघाडी बसवतो. ओहोटीला तिचे झाकण उघडते व आतले पाणी बाहेर जाते. भरतीला ते मिटते. उघाडीच नसेल तर शेत आतल्याआत बुडते.

गर्भाच्या शरीरातही असेच काम चालते. अगदी आरंभी आतडे आणि लघवीचा मार्ग ह्या दोहोंचा शेवट एकाच पोकळीत होतो. गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान त्या पोकळीत एक पडदा उतरत जातो. पुढे लघवीची वाट, मागे शीची वाट, असे दोन भाग पडतात आणि मागच्या वाटेला आपले स्वतंत्र दार मिळते. हा पडदा अर्धवट राहिला तर बांधाला खांड राहिल्यासारखे होते. आतडे लघवीच्या मार्गात उघडते. दार उघडावयाचे राहिले तर उघाडी बसवावयाची राहिल्यासारखे होते. बहुतेक बालकांत हे दोन्ही दोष एकत्र असतात.

मुलगा असेल तर आतड्याची टोकाची बारीक वाट बहुधा मूत्रनलिकेत उघडते, आणि मग लघवीबरोबर हिरवट काळा मळ येतो. कधी ती वाट खाली कातडीजवळ, वृषणांच्या मागे, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उघडते. मुलगी असेल तर ती बहुधा योनिमार्गाच्या तोंडाशी उघडते. काही थोड्या मुलींत लघवी, योनी व आतडे ह्या तिन्ही वाटा मिळून एकच छिद्र राहते. तो प्रकार सर्वांत अवघड. काही थोड्या मुलांत आतडे नुसतेच बंद असते. कोठेच उघडत नाही.

किती मुलांना असे होते? जगभरचा अनुभव असा की, सुमारे पाच हजार जिवंत जन्मांत एक. हा आकडा लहान वाटेल. पण भारतात वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर मुले जन्मतात, म्हणजे ह्या व्यंगाची साडेचार-पाच हजार बालके दरवर्षी आपल्या देशात येतात. आपल्या रायगड जिल्ह्याची वस्ती २०११ च्या शिरगणतीत २६ लाखांवर होती. हजारी पंधरा-सोळा जन्म धरले तर हिशेबाने वर्षाकाठी सातआठ बालके आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला येतात. म्हणजे हे दूरदेशीचे नवल नव्हे. दीडदोन महिन्यांत एकदा आपल्याच जिल्ह्यातल्या कोणत्या तरी घरी हा प्रसंग येतो.

आता जो प्रश्न घरोघर विचारला जातो, तो असा की, हा दोष कोणाचा? आणि त्याचे उत्तर न शोधताच बोट बहुधा सुनेकडे वळते. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसली, कोणाचा शाप भोवला, असे एक ना दोन. आम्ही हात जोडून सांगतो की, ह्यांपैकी कशाचाही ह्या व्यंगाशी संबंध नाही. ही घडामोड चौथ्या ते आठव्या आठवड्यात होते, हे आम्ही आताच सांगितले. त्या वेळी पुष्कळ आयांना पाळी चुकल्याचे नुकतेच कोठे लक्षात आलेले असते. ज्या गोष्टीचा तिला पत्ताच नव्हता तिच्याबद्दल तिला गुन्हेगार धरणे हा न्याय नव्हे. बहुतेक बालकांत नेमके कारण सापडत नाही; काहींत आनुवंशिक घटकांचा भाग असतो. एका मुलास हा दोष असला तर पुढच्या भावंडास तो होण्याचा संभव शेकडा एकाच्या आसपास धरतात. म्हणजे पुढचे मूल निर्दोष होण्याचीच आशा शंभरांत नव्याण्णव आहे.

ह्या व्यंगाशी माणूस फार पूर्वीपासून झगडत आला आहे. आपल्याकडे सुश्रुताने निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'सन्निरुद्धगुद' नावाचा विकार सांगितला आहे. आमचे काही अभिमानी मित्र म्हणतात, पाहा, हेच ते व्यंग! परंतु अभिमानापेक्षा सत्य मोठे. सुश्रुताने वर्णिलेला विकार वेग अडवल्यामुळे मागाहून गुदद्वार आखडण्याचा आहे, जन्मतःच ते नसण्याचा नाही. मात्र आखडलेला मार्ग स्निग्ध केलेली नळी घालून, ती क्रमाक्रमाने मोठी करीत, रुंदावण्याची जी युक्ती त्याने सांगितली तिचे तत्त्व आजही कामास येते, हे आपण पुढे पाहूच. सातव्या शतकातील पॉल नावाच्या ग्रीक वैद्याने बंद गुदद्वार शस्त्राने उघडून पुढे ते रुंदावत ठेवण्याचे लिहून ठेवले आहे. पडदा पातळ असे तेव्हा अशी मुले वाचत. आतडे वर असे तेव्हा दगावत.

पुढे १७१० साली पॅरिसमध्ये लित्रे नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने ह्याच व्यंगाने सहा दिवसांत दगावलेल्या एका बालकाचे शव तपासले, आणि पोटावर आतड्याचे तोंड उघडून मूल वाचवता येईल, अशी कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात यावयास ८३ वर्षे लागली. १७९३ साली फ्रान्समधील ब्रेस्त ह्या बंदरात द्युरे नावाच्या शस्त्रवैद्याने एका नवजात बालकाच्या पोटावर डाव्या बाजूस असे तोंड करून दिले. भूल नाही, जंतुनाशक नाही, प्रतिजैविके नाहीत, अशा त्या काळात ते मूल जगले, आणि थोडीथोडकी नव्हे तर ४५ वर्षे जगले! पोटावर शीची वाट काढणे म्हणजे मुलाचा जन्म फुकट गेला, असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या माणसाचे स्मरण करावे. १८३५ साली आम्युस्सा ह्या फ्रेंच शल्यविशारदाने आतड्याचे टोक मोकळे करून खाली आणले व कातडीस टाके घालून शिवले. नुसते भोक पाडणे आणि खरी वाट तयार करणे ह्यांतला फरक तेथून स्पष्ट झाला.

विसाव्या शतकात १९३० साली अमेरिकेत वांगेनस्टीन व राइस ह्या दोघांनी बालकास उलटे धरून क्ष-किरण चित्र काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आतड्यातली हवा वर चढते, आणि आतडे कातडीपासून किती दूर थांबले आहे ते कळते. आता उलटे टांगण्याऐवजी बाळास पालथे निजवून, कंबर उचलून तेच चित्र घेतात. १९५३ साली ऑस्ट्रेलियातील डग्लस स्टीफन्स यांनी आतड्यास वेढणाऱ्या स्नायूंचे महत्त्व पटवून दिले. आणि १९८२ साली मेक्सिकोचे आल्बेर्तो पेन्या यांनी आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज जगभर तिचा मोठ्या प्रमाणावर अवलंब होतो. आमच्या पेणशी ह्या नावाचा काही संबंध नाही. पण पेणच्या मूर्तिकारांना ह्या माणसाचे काम आवडले असते. बाळास पालथे ठेवून माकडहाडापासून खाली अगदी मधोमध छेद घ्यावयाचा. नसा मध्यरेषा ओलांडून जात नाहीत, म्हणून मधोमध कापले तर त्यांस इजा होत नाही. मग विजेच्या सौम्य धक्क्याने कोणता स्नायू कोठे आकुंचन पावतो ते पाहावयाचे, लघवीच्या मार्गाला चिकटलेले आतडे हलक्या हाताने सोडवावयाचे, आणि ते स्नायूंच्या बरोबर मध्यात बसवून शिवावयाचे.

येथे पुन्हा आपल्या बांधाकडे येऊ. कोणी कुदळ घेऊन बांधाला भोक पाडले तर पाणी बाहेर जाईल हे खरे. पण ती खांड झाली, उघाडी नव्हे. उघाडीला झाकण हवे. योग्य वेळी उघडणारे, एरवी मिटणारे. माणसाच्या शरीरात हे झाकणाचे काम स्नायूंची कडी करते. म्हणून आमचे कळकळीचे सांगणे की, घरी किंवा कोठल्याही अर्धवट जाणकाराकडून त्या जागी सळई, नळी, ब्लेड असले काही घालू देऊ नका. भोक पडेल, पण स्नायू फाटतील, लघवीची नळी चिरेल आणि जन्मभराची उघाडी बिघडेल. पहिली शस्त्रक्रिया हीच उत्तम शस्त्रक्रिया असते. बिघडलेली दुरुस्त करणे दसपट कठीण.

आता उपचाराचा क्रम सांगतो. मूल जन्मल्यावर त्यास पाठमोरे करून दोन्ही नितंब अलग करावेत व गुदद्वार योग्य जागी आहे की नाही ते नीट पाहावे. पूर्ण दिवसांच्या बहुसंख्य बालकांना पहिल्या चोवीस तासांत काळी चिकट शी होते. तिचा पत्ता नसेल, ती भलत्या ठिकाणाहून किंवा लघवीतून येत असेल, पोट फुगत असेल अगर उलटी हिरवी असेल, तर क्षणाचाही विलंब नको. वाट नाही असे दिसले की दूध, मध, घुटी सर्व बंद. नाकातून पोटात बारीक नळी घालून आतली हवा व पाणी काढून घेतात, शिरेतून द्रव देतात, आणि बाळ उबदार ठेवतात. हे काम पेणच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी सुरू करून मग पुढे पाठवणे इष्ट.

मोठ्या इस्पितळात गेल्यावर डॉक्टर लगेच चाकू उचलत नाहीत, म्हणून नातेवाईक अस्वस्थ होतात. पण त्या थांबण्यालाही कारण आहे. बारीक छिद्र असेल तर त्यातून मळ दिसू लागण्यास आतड्यात दाब वाढावा लागतो, आणि त्यास सोळा ते चोवीस तास लागतात. तेवढ्या वेळात दुसरी तपासणी होते. ह्या व्यंगाबरोबर पुष्कळदा आणखीही दोष असतात. हृदयाचे, मूत्रपिंडाचे, अन्ननलिकेचे, मणक्यांचे, हातांचे. म्हणून हृदयाचा इको, पोटाची सोनोग्राफी, कण्याचे चित्र ही सारी पाहणी करावी लागते. "दुखणे खालचे आणि तपासता छाती?" असे म्हणून डॉक्टरांवर रागावू नये.

आतडे कातडीच्या जवळ असेल तर पहिल्या काही दिवसांतच खालून एकच शस्त्रक्रिया करून वाट तयार होते. ते वर असेल तर काम बहुधा तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा म्हणजे पोटावर तात्पुरती वाट काढणे; तिला कोलोस्टॉमी म्हणतात. दुसरा, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, बाळाने बाळसे धरल्यावर खालची खरी वाट करणे. तिसरा, ती वाट पुरेशी रुंद व मऊ झाल्यावर पोटावरचे तोंड बंद करून आतडे पुन्हा जोडणे.

तीन वेळा शस्त्रक्रिया म्हटले की घरची मंडळी खचतात. पोटावरचे ते लालबुंद तोंड पाहून कित्येकांना किळस येते, आणि पहिल्या टप्प्यानंतर मूल घरी नेऊन पुन्हा इस्पितळाचे तोंड न पाहणारीही कुटुंबे असतात. त्यांस आमचे सांगणे असे. त्या लाल तोंडाला दुखत नाही. आतड्याच्या अस्तराला तशी वेदनाच नसते. दुखते ते भोवतालच्या कातडीला, म्हणून तेवढी साध्या पाण्याने धुऊन, हलके टिपून, डॉक्टरांनी दिलेले मलम लावून कोरडी ठेवावी. पिशवी परवडत नसेल तर धुतलेल्या मऊ सुती कापडाची घडी पुरते. आपल्या जुन्या लुगड्यांना ह्याहून पुण्यकारक उपयोग दुसरा नाही! तोंड काळेनिळे पडले, आतडे बरेच बाहेर आले, रक्त वाहू लागले अगर मळ थांबला तर मात्र त्वरित दाखवावे.

खालची वाट झाल्यानंतर आईच्या वाट्याला एक कठीण काम येते. सुमारे दोन आठवड्यांनी त्या नव्या वाटेत गुळगुळीत, तेलकट केलेली सळई दिवसातून दोनदा घालून ती आकसू न देणे आणि डॉक्टर सांगतील तशी हळूहळू मोठी सळई वापरणे हे काम घरी करावे लागते. सुश्रुताच्या क्रमाक्रमाने मोठ्या होणाऱ्या नळीचेच हे आजचे रूप. बाळ रडते, आईचा हात थरथरतो, शेजारीण म्हणते, "जाऊ दे गं, किती छळशील?" पण सोडून दिले की वाट आकसते आणि सारी मेहनत पाण्यात जाते. अशा वेळी त्या आईला शेजारणीच्या कीवेपेक्षा नवऱ्याच्या व सासूच्या आधाराची गरज असते. बाळाचे पाय धरावयास बापाने बसावे. त्याने पुरुषार्थ कमी होत नाही.

मुलींविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे बोलले पाहिजेत. मुलीची शी योनिमार्गाच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून कशीबशी होत राहते. बाळ तडकाफडकी आजारी पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि लक्षात आले तरी "पोरीची जात, बोभाटा नको," म्हणून झाकून ठेवतात. पुढे तिला बद्धकोष्ठ होते, पोट फुगते, लघवीचे विकार जडतात. काहींची गोष्ट तर लग्न ठरावयाच्या वेळी उघडकीला येते. वास्तविक ह्या प्रकारच्या मुलींना शस्त्रक्रियेचा गुण फार चांगला येतो. वेळेवर केल्यास बहुतेकींना शीवर ताबा मिळतो, आणि पुढे संसारही नीट होतो. मुलगा असता तर ज्या बापाने गाडी काढली असती त्याने मुलीसाठीही ती काढावी, एवढेच आमचे मागणे.

शस्त्रक्रिया झाली की सर्व काही निसर्गासारखे होते, असे मात्र आम्ही सांगणार नाही. खोटी आशा हाही एक अपराधच आहे. पेन्या यांच्या अनुभवात सुमारे चारांतील तीन मुलांना स्वतःहून शी करता येऊ लागली. परंतु त्यांतल्याही काहींचे कपडे अधूनमधून खराब होत. दोष जेवढा खालचा, माकडहाड व स्नायू जेवढे भक्कम, तेवढा गुण अधिक. खालच्या दोषाच्या मुलांना बद्धकोष्ठाचाच त्रास मोठा; तो आहाराने व औषधाने नेटाने सांभाळावा लागतो. ज्यांना ताबा येतच नाही त्यांच्यासाठी रोज ठरावीक वेळी एनिमा देऊन आतडे रिकामे करण्याची पद्धत आहे. मग पुढचा दिवसभर मूल स्वच्छ राहते, शाळेत जाते, खेळते. १९९० साली मेलोन नावाच्या शल्यविशारदाने आंत्रपुच्छाची बारीक वाट पोटावर काढून तेथून वरूनच पाणी सोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. त्यामुळे मोठे मूल आपले काम आपण करू शकते.

येथे शाळामास्तरांना आमची एक विनंती आहे. वर्गात एखादे मूल वारंवार बाहेर जावयास मागते, त्याच्या अंगाला कधी वास येतो. त्यास उभे करून हसू नका. शल्यविशारदाने चार तास खपून जे जोडले ते चार पोरांच्या हसण्याने मोडते. त्याला मागच्या दाराजवळची जागा द्या, न विचारता बाहेर जाऊ द्या, आणि त्याच्या दप्तरात कपड्यांचा एक जोड ठेवावयास आईला सांगा.

आता शेवटचा प्रश्न पैशाचा व रस्त्याचा. वडखळ हा मोठा नाका आहे. एक रस्ता गोव्याकडे, एक अलिबागेकडे, एक पेण-पनवेलवरून मुंबईकडे. पेण येथून सातआठ किलोमीटर, अलिबागचे जिल्हा रुग्णालय वीस-पंचवीस, पनवेल चाळीसेक. बालशल्यविभाग असलेली मोठी रुग्णालये मुंबईस आहेत. परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय तर १९२९ पासून केवळ मुलांसाठीच उभे आहे. त्याच्या शेजारी के. ई. एम. आहे, पुढे शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. शासनाची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार व वाहतूक मोफत केली. २०१२ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला रायगड होता. तीच २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते, आणि बालशस्त्रक्रिया हा तिचा एक विभाग आहे. तेव्हा "पैसे गोळा करून मग निघू" असे म्हणून दोन दिवस घालवू नका. आधी निघा, कागद मागाहून आणता येतील. निघताना बाळास उबदार गुंडाळा, तोंडाने काही देऊ नका, जेथे जाणार तेथे आधी फोन करवा, आणि प्रसूतीचे कागद बरोबर घ्या. आई उठून बसण्यासारखी असेल तर तिलाही न्या; पुढे तिचेच दूध त्याला लागणार आहे.

श्रोतेहो, आमच्या पेशात मोठमोठी यंत्रे आली. पण ह्या व्यंगाच्या बाबतीत पहिले निदान करावयास आजही दोन डोळे, एक दिवा आणि अर्धे मिनिट एवढेच लागते. तेवढे ज्याला मिळाले ते बालक बहुधा जगते, वाढते, शाळेत जाते, खारेपाटात नांगर धरते. ज्याला मिळाले नाही ते आपल्या हातून निसटते, आणि त्याची आई जन्मभर नसलेल्या ग्रहणाला दोष देत बसते.

म्हणून आमची ह्या सभेतील सर्व आज्यांना हात जोडून विनंती आहे. आपला तो जुना प्रश्न सोडू नका. नवी पिढी हसली तरी विचारा, "बाळाला शी झाली का?" उत्तर "नाही" आले, तर घुटीचा खल बाजूला सारा आणि दुसरा प्रश्न विचारा, "जागा पाहिलीत का?" आणि कोणी लाजून मान फिरवली तर आपणच उठा, दिवा जवळ घ्या आणि पाहा.